करड्या रंगाचा सिलिंडर

धाकट्या बहिणीच्या हवेच्या रायफलीत हवा भरायची तर हातपंपाचे शंभरावर दट्टे मारावे लागायचे. मग त्याच थरथरत्या हातांनी नेम धरायचा. सेलूत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा सराव असाच चालायचा, आणि जिल्ह्याची निवड चाचणी दसऱ्यानंतर लगेच होती. मला संताप आला की मी पत्रक लिहिते. या वेळी म्हटलं, पत्रक नंतर, आधी रायफल भरायला हवेची टाकी.

परभणीचा खेळसाहित्याचा दुकानदार तोंडावर बोलला. "मोठ्या दाबाची टाकी घ्या. मानेवर तपासणीची तारीख कोरलेली बघा. आत फक्त कोरडी हवा, दुसरं काही न्हाई. अन् ती भरून देणारा आपल्या जिल्ह्यात न्हाई. तोवर पंप मारा."

"म्हणजे तालुक्याच्या पोरींनी पंपच मारत बसायचं?"

"हात तरी जागेवर राहतेत, ताई."

मला तो टोमणा वाटला. आम्हाला 'न्हाई' म्हणणाऱ्यांची माझ्या डोक्यात यादीच असते. त्यात आणखी एक नाव चढवून मी निघाले.

वाटेत देवगाव फाट्यावर भंगारवाल्याकडे दोन सिलिंडर उभे दिसले, हवेच्या सिलिंडरचा असतो तसा करडा रंग दिलेले. रंग कोरा, बोटाला चिकटेल असा. मानेवर काहीतरी कोरलेलं हाताला लागलं, पण रंगानं बुजलेलं. मी नखानं खरवडलं असतं तर दिसलं असतं. खरवडलं नाही. घाई होती, आणि मला दुकानदाराला खोटं ठरवायचं होतं.

"आत हवाच हाय ना?"

"लय शुद्ध हवा, ताई. दवाखान्यातून आलेला माल. भरलेलाच हाय." त्यानं नळी आणि दाबाचा काटाही जोडून दिला.

खंडेनवमीला आमच्या घरी विळे, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळ्याला तेलाचा हात लागतो. "यंदा पोरीचं हत्यार बी पूजेला," म्हणत बाबांनी रायफल पुसली, तिच्या हवा भरायच्या तोंडात बोटभर तेल घातलं, नळीच्या टोकालाही चोपडलं. "सांधा मऊ जातोय बघ." मग कुंकू लावायचं म्हणून रॉकेलच्या चिंधीनं सिलिंडर पुसायला लागले.

चिंधी करडी झाली. खालून काळा रंग वर आला.

बहिणीनं नळी रायफलीला जोडली होती. चेहरा रायफलीवरच वाकलेला, हात सिलिंडरच्या चावीवर. "ताई, भरायला घेते. आज नेम धरताना हात कापायचे न्हाईत."

काळा सिलिंडर म्हणजे ऑक्सिजन. दाबातला ऑक्सिजन तेलाला लागला की ठिणगीही लागत नाही, जागच्या जागी भडका उडतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कापसाच्या जिनिंगमधल्या वेल्डिंग कामगारांसाठी मीच पत्रक काढलं होतं, त्यातली तिसरी ओळ: काळ्या सिलिंडरला तेलाचा हात लावू नका.

"हात काढ!"

"अगं, वरडायलीस काय? घोषणा द्यायलीस का?"

"हात काढ म्हणते ना!"

माझा आवाज तिनं मोर्च्यांत ऐकलेला. हा तसा नव्हता. तिनं हात काढला. बाबा तेलाची बोटं धोतराला पुसत राहिले, किती तरी वेळ.

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. भंगारवाल्याजवळची दुसऱ्या सिलिंडरची जागा रिकामी होती.

"दुसरा कुठाय?"

"गेला की. तुमच्यासारखेच रायफलवाले होते. आधी नको म्हनायले. मी म्हनलं, सेलूच्या ताईंनी नेलाय, पत्रकं वाटत्यात त्या, त्यांना सगळं कळतंय. मग नेला."

"कुठले होते?"

"आता ते कोन इचारतंय, ताई?"

मी पत्रक काढलं. फाट्यावर, बसथांब्यावर, चाचणीच्या मैदानाच्या फाटकावर चिकटवलं. कुणाचा फोन आला नाही. आमचा सिलिंडर शेडपासून लांब, कडुलिंबाखाली उभा आहे, कुंकू न लावलेला. न्यायला येतो म्हणालेले ऑक्सिजन एजन्सीवाले अजून आलेले नाहीत. शेडमध्ये बहीण पंप मारते. मी दट्टे मोजते, आणि मधेच कुठं लांब काही वाजलं की आकडा चुकतो.