अमेरिकेत एकदाच विचारतात

रत्ना पिंगळेची गोष्ट ऐकून हसू येईल, पण ज्यांच्या अंगात नाशिककडचं वळण आहे त्यांनी जरा जपूनच हसावं.

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावाहून बसने अर्ध्या तासावर गाड्यांचं वायरिंग बनवणारा एक कारखाना होता. रत्ना तिथे एकोणीस वर्षं लाइनवर उभी राहिली. दिराने स्पॉन्सर केलं म्हणून नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली. तिथल्या मराठी मंडळातल्या इतर घरांतली माणसं कॉम्प्युटरवर काम करायची, तेव्हा ही बाई हातात पक्कड घेऊन तारांची टोकं दाबायची. गणपतीत कुणी विचारलं, "तुम्ही कुठे असता?" की ठणकावून सांगायची, "फॅक्टरीत!" लाजबीज काही नाही. मग २०१८च्या ऑगस्टमध्ये सगळं काम मेक्सिकोला गेलं. मशिनं ट्रकवर चढली आणि एकशे चाळीस माणसं घरी बसली.

आता, ज्यांचं काम असं देशाबाहेर गेलं त्यांच्यासाठी सरकारची एक योजना होती. नवं काम शिका, फी सरकार भरणार, वर शिकत असेपर्यंत दर आठवड्याला घर चालेल एवढा भत्ता. अट एकच, काम सुटल्यापासून सव्वीस आठवड्यांच्या आत कोर्सला नाव लागलं पाहिजे. नाही लागलं तर भत्ता बुडाला. आणि त्र्यंबकच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, इंडियन ग्रोसरीतल्या पगारावर भत्त्याशिवाय शिकायचं नावच नको.

रत्नाला काय शिकायचं होतं, सांगू? वेल्डिंग! एकावन्नाव्या वर्षी! कारखान्यातल्या दुरुस्तीच्या खोलीत वेल्डर कामाला लागला की ही जेवणाची सुट्टी दाराशी उभी राहून घालवायची. दोन लोखंडाचे तुकडे एक होतात याचं तिला एवढं अप्रूप, की डबा तसाच घरी यायचा. पण घरात एका शब्दाने बोलेल तर शपथ.

नोव्हेंबरात तिला सरकारी नोकरी केंद्रात बोलावलं. समोर मिस्टर कॉलिन्स नावाचा हसरा, सज्जन माणूस. त्याने योजना नीट समजावली आणि विचारलं, "मग, तुम्हाला ट्रेनिंग हवंय?"

आणि रत्ना म्हणाली, "नो, नो, इट्स ओके."

झालं! आपल्याकडे नाही का, पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी आली की आधी "नको नको" म्हणायचं, वाढणारीने "अहो घ्या हो, एकच" म्हणायचं, मग कुठे पानावर आडवा धरलेला हात मागे घ्यायचा. एकदम "वाढा" म्हटलं तर हावरटपणा. रत्ना बिचारी आग्रहाची वाट बघत बसली होती! कॉलिन्स म्हणाला, "ओके!" कागदावर खूण केली, तिची सही घेतली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ती घरी येऊन फोनकडे डोळे लावून बसली. परत विचारतीलच ना. विचारल्याशिवाय राहतात होय?

फेब्रुवारी उजाडला. एका गुरुवारी सुपरमार्केटमध्ये तिला लाइनवरची जुनी मैत्रीण भेटली, लशाँडा. तिचा त्याच योजनेतला नर्सिंगचा कोर्स सुरूही झाला होता. रत्नाने विचारलं, "मला अजून त्यांचा फोन कसा नाही आला?"

"हनी, तू नाही म्हणालीस ना? ते कशाला फोन करतील?" लशाँडाने बोटांवर आठवडे मोजले आणि तिचा चेहराच बदलला. "रत्ना, उद्या शेवटचा दिवस आहे!"

रत्नाच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन तिने सगळं ओकून टाकलं. तिची लेक अनिका डोळे मोठे करून म्हणाली, "बट आई, हवं होतं तर नो का म्हणालीस?" त्र्यंबकने कपाळावर हात मारला. "अगं, तिच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं," तो लेकीला म्हणाला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "पण वेल्डिंग?"

"हो, वेल्डिंग! का, काय झालं?"

"कुठे काय? उद्या जा म्हणजे जा."

शुक्रवारी हा बर्फ! त्र्यंबक पहाटेच गाडी घेऊन कामावर गेलेला, आणि रेडिओवर बातमी, सरकारी ऑफिसं बाराला बंद. रत्नाने बस पकडली. खिडकीपाशी बसून पुटपुटत राहिली, "आय वॉन्ट इट. आय वॉन्ट इट." शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. अकरा वीसला चढावर बसची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत बसा.

बसा? मेलं बसून बसून तर ही वेळ आली! रत्ना उतरली आणि चालायला लागली. एकदा सपशेल आपटली, गुडघा सोलवटला, उठली. धाप लागली होती आणि तरी तिला आतून उकळ्या फुटत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःसाठी काही मागायला धावत होती आणि तिला ते भलतंच आवडत होतं.

बाराला सात कमी असताना ती दारातून आत घुसली. कॉलिन्स कोट चढवत होता.

"ट्रेनिंग!" ती ओरडली. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

त्याने फाइल उघडली. "तुमचं मत बदललं वाटतं?"

"नाही. मला तेव्हाही हवं होतं. आमच्यात पहिल्यांदा नाही म्हणतात. मला वाटलं, तुम्ही परत विचाराल."

कॉलिन्स तिच्याकडे बघत राहिला. ओल्या शालीकडे, गुडघ्याकडे. मग त्याने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, खाली बसला आणि फॉर्म पुढे ओढला.

"मिसेस पिंगळे," तो हळूच म्हणाला, "परत विचारतो. तुम्हाला ट्रेनिंग हवंय?"



"हवंय!" रत्ना इतक्या मोठ्याने म्हणाली, तेही चक्क मराठीत, की दाराला कुलूप लावायला निघालेला वॉचमन जागीच थांबला. कॉलिन्सला भाषा कळली नाही, पण त्याने बरोबर खूण केली.