लिफ्टला अहो

हैदराबादेत काचीगुड्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. शनिवारी ते अंतराळातली मालिका बघतात आणि रविवारी जिन्यात ज्याला त्याला गाठून एपिसोड ऐकवतात. मध्यंतरी एका भागात यानातल्या लोकांनी म्हाताऱ्या यंत्रमानवाला ओसाड ग्रहावर सोडून दिलं, तेव्हा काकांनी नाश्त्याला हात लावला नाही. "जन्मभर राबला बिचारा! साधं अहो म्हणालं नाही कुणी."

त्या दिवसापासून ते आमच्या बोलणाऱ्या लिफ्टला अहो-जाहो करू लागले. "अहो, दार लावता का?" दार लागलं की मान लववून, "मेहेरबानी."

मी पेटले. "काका, लिफ्टला अहो, आणि जिना झाडणाऱ्या बाईंना 'ए, इकडं ये'? त्या तुमच्याहून मोठ्या आहेत."

"हौ, ते बी खरंच," काका पुटपुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात घसा खाकरला. "अहो..."

बाईंचा झाडू थांबला. "अहो काय? मी काय तुमचा नवरा? नाव आहे की मला. शेवंता!"

तेव्हापासून काका 'शेवंताबाई' अशी खणखणीत हाक मारतात. सगळ्या मजल्यांना नाव पाठ झालं. मी आपल्या विजयावर खूश होते.

काल शेवंताबाईंनीच मला अडवलं. "कायकू शिकवलीस गे त्यांना? नाव ठाऊक नव्हतं तवा झाडून गुमान घरी जायची मी. आता घराघरातून हाका येतात, शेवंताबाई, जरा वर येता का?"