चाचांनी निवडलेला स्विच

डब्बीवाले चाचा गिऱ्हाइकाचा हात बघितल्याशिवाय कीबोर्ड विकत नसत. अकोल्याला जुन्या कॉटन मार्केटच्या मागे त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आत पाऊल टाकलेल्या माणसाला ते आधी म्हणत, "पहिले हात दाखवा." नवखा माणूस गोंधळून तळवा पुढे करी. मग चाचा त्याची बोटं उलटीपालटी करून पाहत, अंगठा कुठवर वळतो ते बघत आणि फळीवरून एक माउस काढून त्याच्या हातात ठेवत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हा दुकानदार आहे की ज्योतिषी, असं माझ्या मनात आलं, आणि ते तोंडावर दिसलं असावं. "भविष्य नाई पाहत साहेब," ते म्हणाले, "माप घेऊन राहिलो."

त्यांचे वडील आणि आजोबा पिंजारी होते. घरोघरी जाऊन कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, हे त्यांचं काम. चाचांनीही लहानपणी ते केलं होतं. पुढे रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर असं जे जे लोकांच्या घरात बिघडत गेलं ते ते शिकत गेले. डब्बीवाले हे नाव पडलं ते त्यांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्बीवरून. वायरलेस कीबोर्डबरोबर नखाएवढा एक रिसिव्हर येतो. तो कॉम्प्युटरला खोचला की कीबोर्डचं म्हणणं कॉम्प्युटरला कळतं, आणि तो हरवला की कीबोर्ड मुका. लोकांचे कीबोर्ड मोडत आणि रिसिव्हर उरत, कुणाचे रिसिव्हर हरवत आणि कीबोर्ड उरत. चाचा असे शे-दीडशे अनाथ रिसिव्हर त्या डब्बीत बाळगून होते. कुठला कोणाला लागू पडतो हे त्यांनाच ठाऊक.

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्याच शहाणपणाची फळं पिशवीत घालून. अमरावतीला आमच्या संस्थेने एक फोनची खोली चालवली होती. कापसाची ती वाईट वर्षं होती. रोज सकाळी वर्तमानपत्र उघडायला हात धजत नसे. ज्याला जगणं नकोसं झालंय त्याने आमच्या नंबरवर फोन करावा, आम्ही ऐकावं आणि जवळचा डॉक्टर, गावातलं कुणी भलं माणूस, जे मिळेल ते त्याच्यापर्यंत पोचवावं, एवढंच आमचं काम. व्यवस्थापक मी. आणि फोन घेत चांदूर रेल्वेच्या शोभाताई.

शोभाताईंचा उजवा हात कोपरापासून नव्हता. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला असताना मशीनच्या पट्ट्यात गेला. त्या कानाला हेडफोन लावून डाव्या हाताने टाइप करीत, वायरलेस कीबोर्ड मांडीवर घेऊन, कारण टेबलावर ठेवला की खांदा भरून येई. खोलीत कॉम्प्युटर दोन होते, आणि हा हट्ट माझा. एकात फोन करणाऱ्यांच्या नोंदी. त्याला इंटरनेट लावायचं नाही म्हणजे नाही, माणसांची दुःखं बाहेर जाता कामा नयेत. दुसऱ्याला इंटरनेट, त्यात दवाखाने आणि गावोगावचे नंबर. म्हणजे कुणी फोनवर असताना शोभाताईंनी हेडफोन उतरवायचा, मांडीवरचा कीबोर्ड ठेवायचा, चाकाची खुर्ची एका हाताने रेटत दुसऱ्या टेबलाशी जायचं, तिथे शोधायचं आणि परत यायचं. तेवढा वेळ पलीकडच्या माणसाला काहीच ऐकू येत नसे. बहुतेक जण कॉइन बॉक्सवरून बोलत. गप्प झालेला फोन कोण किती वेळ कानाला धरील?

यावर उपाय म्हणून मी केव्हीएम स्विच मागवला होता. ही एक लहान पेटी असते. दोन्ही कॉम्प्युटर तिला जोडायचे, एकच स्क्रीन, एकच कीबोर्ड, एकच माउस, आणि बटण दाबलं की या कॉम्प्युटरवरून त्यावर. मोठ्या शहरातून मागवलेली, पुढे निळे दिवे असलेली पेटी. बटण दाबलं की स्क्रीन झटकन बदलायची, पण कीबोर्ड मात्र काही केल्या जागा होत नसे. थोड्या वेळाने आपोआप व्हायचा. मी शोभाताईंना म्हणालो, होईल सवय. त्या पुन्हा खुर्ची रेटू लागल्या.

चाचांनी ती पेटी हातात घेतली आणि सवयीने म्हणाले, हात दाखवा. मी म्हटलं, ही पेटी वापरणारा हात माझा नाही, आमच्या बाईंचा आहे. कुठल्या बाई? अमरावतीच्या फोनच्या खोलीतल्या. चाचांनी पेटी खाली ठेवली. मग त्यांनी शटर ओढलं, डब्बी आणि तीन-चार पेट्या पिशवीत भरल्या आणि माझ्याबरोबर बडनेऱ्याच्या पॅसेंजरमध्ये येऊन बसले. भर दुपारी दुकान बंद करणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

खोलीत आल्यावर त्यांनी शोभाताईंना हात दाखवा म्हटलं नाही. स्वतःचा उजवा हात पाठीमागे नेला, मला रुमालाने तो पट्ट्याला बांधायला लावला आणि मांडीवर कीबोर्ड घेऊन डाव्या हाताने काम करू लागले. बटण दाबायचे आणि तोंडाने मोजायचे. एक, दोन, तीन. माझ्या पेटीला सातापर्यंत मोजावं लागलं. "साहेब, सिनेमा पाहाचा असला त सात काईच नाई," ते म्हणाले. "इथं सात लई होते."

मला त्यांनी कारण समजावलं, तेही माझा फारसा अपमान न करता. काही पेट्या अशा की दर वेळी बटण दाबलं की रिसिव्हर उपटून दुसरीकडे खोचल्यासारखं होतं, आणि दोघांची ओळखपाळख नव्याने सुरू होते. सात आकडे त्यातच जातात. काही पेट्या हुशार. त्या दोन्ही कॉम्प्युटरना भासवत राहतात की कीबोर्ड तुझ्याचजवळ आहे, म्हणून वेळ जात नाही. पण त्यांना साधा वायरचा कीबोर्डच समजतो, वायरलेसची भाषा कळत नाही. आपल्याला दोन्ही जमणारी पेटी हवी. ती खोक्यावरची अक्षरं वाचून सापडत नाही, आपला रिसिव्हर लावूनच सापडते. "वस्तू चांगली का वाईट, हे मले इचारू नका," ते म्हणत. "कोनासंग चांगली, ते इचारा."

त्या दिवशी आणलेल्या सगळ्या पेट्या नापास झाल्या. चाचा पुन्हा आले, आणि पुन्हा. चौथ्या खेपेला एक मळकट करडी, दिवे नसलेली पेटी आणली. बटण दाबलं, आणि "एक" म्हणायच्या आत कीबोर्ड चालू. तरी त्यांचं समाधान होईना. बटण दाबायला हात उचलावा लागतो, आणि आहे तो एकच. मग त्यांनी पेटीचं लांब वायरचं बटण एका लाकडी फळीवर बसवलं आणि ती फळी शोभाताईंच्या पायाखाली सरकवली. रिसिव्हर लोखंडी टेबलामागे होता, तिथून अक्षरं गळत होती; तो वायरने पुढे आणून टेबलाच्या कडेला ठेवला. जाताना मला बजावलं, की याला हात लावायचा नाही, तुमीबी नाई. शोभाताईंनी पायाने बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात खंड पडला नाही. "हो दादा, ऐकून राहिली, बोला तुमी," हे वाक्य संपायच्या आत नंबर समोर असे.

हे असं वर्षभर नीट चाललं, आणि मग मी घाण केली. दसऱ्याला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. मी हौसेने दोन्ही कॉम्प्युटरना झेंडूच्या माळा घातल्या, पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि टेबलाच्या कडेचा तो रिसिव्हर, तोही आपला बिचारा राबतो म्हणून, वायरमधून काढून ओलं गंध लावून एका फुलावर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं गोळा केली आणि निर्माल्य तलावात सोडून आलो. वाळलेल्या गंधाने रिसिव्हर फुलाला चिकटला होता. दहा वाजता शोभाताईंनी कीबोर्ड मांडीवर घेतला तेव्हा तो मुका झाला होता.

मी चाचांना फोन केला, पेटीला पुन्हा हात लावायची छाती नव्हती म्हणून माळ्यावरचे जुने वायरचे कीबोर्ड आणि स्क्रीन काढून दोन्ही कॉम्प्युटरना थेट जोडले, आणि खुर्ची पुन्हा दोन टेबलांमध्ये फिरू लागली. साडेअकराच्या सुमारास तेल्हाऱ्याकडून एका माणसाचा फोन आला. कॉइन बॉक्सवरून. मी शेजारीच होतो. शोभाताईंनी त्याला बोलतं केलं, गावाचं नाव विचारलं, ते अर्धंच कळलं. "थांबा दादा, पाहते," म्हणून त्या दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा फोन बंद झाला होता.

नाणं संपलं असेल, मी म्हणालो.

"त्याच्यापाशी नाणे असतीन," त्या म्हणाल्या. "मीच चूप बसली."

आम्ही दिवसभर तालुक्यात फोन केले. अर्ध्या नावाच्या गावातला, नाव न सांगितलेला माणूस कुणाला सापडणार? दुसऱ्या दिवशी शोभाताई आल्या त्या आपला डबा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी घेऊन जायला. उद्यापासून येत नाही म्हणाल्या. त्यांना अडवायचं कुठल्या तोंडाने? फूल मी वाहिलं होतं.

चाचा सकाळच्याच गाडीने आले. डब्बीतून लागू पडणारा रिसिव्हर काढला, कीबोर्डशी जुळवला, वायरला खोचला. मला वाटलं होतं, मला चार शब्द ऐकवतील. ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. पण ते खाली बसून फळी नीट करत राहिले. शोभाताई उशी काखेत धरून उभ्या होत्या. चाचांनी तसंच खाली बघत बोलायला सुरुवात केली.

"बाई, मी इथं येन्याच्या आंधी तुमाले फोन केला होता. दुकानाचं काम नव्हतं. माह्यंच काम होतं. अकोल्याच्या स्टॅन्डवरून. तुमी म्हटलं, थांबा, पाहते. मंग आवाज बंद. मी सातापर्यंत मोजलं अन् फोन ठेवून देल्ला."

आमच्याकडे फोन येतो तो शेतातल्या माणसाचा, अशीच माझी समजूत. कापूस बुडाला की त्याच्यावर पोट असलेले पिंजारी, हमाल, दुकानदारही बुडतात, हे मी भाषणात सांगत असे. हा समोर बसलेला माणूस त्यात असेल असं कधी मनातही आलं नाही.

"पन मी कुठं गेलो नाई," चाचा म्हणाले. "तिथंच ओट्यावर बसलो. वाटलं, त्या बाईनं थांबा म्हटलं होतं. कोनी थांबा म्हनलं नव्हतं मले, लई दिवसात. तेवढ्यावर घरी गेलो. तुमाले वाटत असन एक मानूस हातचा गेला. तो हा बसला हाय."

शोभाताईंनी उशी खुर्चीवर ठेवली. म्हणाल्या, "मी तुमाले पयल्याच दिवशी ओळखलं होतं, चाचा. आवाजानं." सांगितलं का नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. फोनवरचं खोलीबाहेर न्यायचं नाही, हा नियम माझाच. त्या बसल्या, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि पायाने बटण दाबून पाहिलं.

त्यांनी तो फोन का केला होता, हे चाचांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यानंतर ते दर दोन-तीन महिन्यांनी येत, पेटी पुसत, मोजून पाहत, चहा घेत आणि जात. तिसऱ्या वर्षी त्यांचा चेहरा सुजू लागला. मूत्रपिंडं गेली होती. शेवटच्या खेपेला जिना चढताना मी त्यांचा दंड धरला, तर हाताला काहीच लागलं नाही. तरी पेटीपाशी बसून त्यांनी मोजलं, आणि मला म्हणाले, की आता ही पेटी तुमच्यानंबी बिघडत नाई. मी हसलो. ते हसले नाहीत, दमले होते.

ते गेल्याचं आम्हाला चाचींच्या फोनवरून कळलं. दुकानातल्या भिंतीवर लिहिलेला आमचाच नंबर त्यांना सापडला होता. शोभाताई तासभर त्यांच्याशी बोलत होत्या, खरं तर ऐकत होत्या. शोधायला काही नव्हतं, बटणावर पाय पडला नाही.

आमच्या नोंदींत प्रत्येक फोनच्या ओळीत शेवटी एक रकाना असे: पुढे काय झालं. तो मीच आखला होता, आणि पानंच्या पानं तो कोरा होता. लोक फोन ठेवत, आणि मग आम्हाला काहीच कळत नसे. फोन संपल्यावर शोभाताईंनी एक जुनी ओळ काढली. नाव नाही, अकोला, पुरुष, फोन कटला. तिच्या रकान्यात त्यांनी एका हाताने सावकाश लिहिलं: घरी गेले. त्यानंतर पाच वर्षं काम केलं. आजाराने वारले.

मग त्यांनी खालची तेल्हाऱ्याची ओळ काढली. तिचाही रकाना कोरा होता. मी म्हटलं, तोही गेला असेल घरी. त्या म्हणाल्या, "असन. पन मले लिवता येत नाई."