पिल्लू रात्रभर रडतं

ठोकेमामांचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं तेवढंच. बॉयलरच्या पोटात शिरून एकतीस वर्षं रिव्हेट ठोकले, म्हणून ते ठोकेमामा. त्या ठोक्यांनी घर चालवलं, मुलीचं लग्न लावून दिलं, आणि जाताना मामांचे कान घेऊन गेले. दिवसा कानात यंत्र घातलं की समोरच्याचं बोलणं कळायचं. रात्री ते डबीत गेलं की उशाशी तोफ डागली तरी मामा ढाराढूर.

बायको जाऊन सात महिने झाले होते. तिला दम लागायचा, म्हणून ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी झोपायची. एका सकाळी मामा उठून पाहतात तर ती पलंगावर आडवी, एक हात खाली लोंबणारा, पाण्याचा तांब्या जमिनीवर कलंडलेला. डॉक्टर म्हणाले, "क्षणात गेल्या. त्रास झाला नसणार." त्या एका वाक्यावर मामा दिवस ढकलत होते.

मुलीला बापाची काळजी लागून राहिली होती. एका रविवारी ती दोन महिन्यांचं तपकिरी पिल्लू घेऊन आली.

"बाबा, घरात काहीतरी जिवंत हवं."

"मी आहे की."

पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवून ती दूध तापवायला आत गेली.

मामांनी पिल्लाचं सगळं रीतसर केलं. खोक्यात बायकोची जुनी शाल अंथरली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली, झोपण्याआधी त्याला अंगणात फिरवून आणलं. मग स्वयंपाकघरात खोकं ठेवून दार लोटलं आणि आपल्या खोलीत जाऊन पडले. सकाळी पाहतात तर पिल्लू दाराला टेकून गाढ झोपलेलं. "गुणी आहे," त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं, "पहिल्या रात्रीपासून हूं की चूं नाही." सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडा जीव होता.

सहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई जिन्यात थांबल्या. डोळे सुजलेले, गळ्यात टेप तसाच.

"मामा, रागावू नका. पण त्या पिल्लाचं काहीतरी करा. रात्रभर रडतं हो. दार ओरबाडतं. पहाटे थकून गप्प होतं."

"आमचं? ते तर झोपतं."

मामा वर आले, स्वयंपाकघराचं दार मिटून त्यांनी आतली बाजू पाहिली. खालच्या फळीवरचा रंग खरवडून लाकूड उघडं पडलं होतं. एका ओरखड्यात रक्ताचा वाळका ठिपका होता.

मग मामांच्या मनात दुसरंच काहीतरी आलं, तसे ते कठड्याला धरून पुन्हा खाली गेले.

"बाई, आमची ही गेली त्या रात्री... तुम्हाला काही ऐकू आलं होतं?"

बाई मशीनवरच्या कापडाची घडी घालू लागल्या. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"बाई."

"दोन हाका आल्या. मग काहीतरी पडल्याचा आवाज. मला वाटलं, तुम्ही आहातच वर."

बाई रडायला लागल्या तेव्हा मामांनीच त्यांना पाणी दिलं.

त्या रात्री त्यांनी पलंग भिंतीला उभा केला, जमिनीवर गादी टाकली आणि खोकं शेजारी ओढलं. यंत्र कानातच ठेवून पाहिलं, पण उशीला लागून ते शिट्टीसारखं किंचाळायचं. शेवटी काढून ठेवलं आणि हात खोक्यात घातला. अंधारात पिल्लाच्या बरगड्या तळव्याखाली थरथरू लागल्या. तेच रडणं होतं. मामांनी अंगठ्याने हळूहळू त्याची पाठ चोळली, तशी थरथर थांबली. तासाभराने पुन्हा सुरू. एवढंच करायचं होतं. कुणीतरी जवळ आहे एवढंच कळायला हवं होतं. मधे एक भिंत आणि दहा पावलं. मामांनी शालीत तोंड खुपसलं. आपल्या तोंडून आवाज निघतोय की नाही, तेही त्यांना कळत नव्हतं.

असे नऊ दिवस गेले. आधी पिल्लू तीनदा उठायचं, मग एकदा. दहाव्या रात्री त्याचा श्वास तळव्याखाली सावकाश वरखाली होत राहिला, तो थेट उजाडेपर्यंत. ते मामांना नक्की माहीत होतं, कारण त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता तो कधीच लागत नव्हता.

शिलाईवाल्या बाई जिन्यात भेटल्या की मान खाली घालून जात. मामांना त्यांच्यावर राग धरायचा होता. धरता येईना.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, रात्री झोप लागते ना नीट?"

मामांनी पायाशी पेंगणाऱ्या पिल्लाकडे पाहिलं.

"लागते की," ते म्हणाले. "आता सकाळपर्यंत हलत नाही."

"चला, बरं झालं," मुलगी म्हणाली, आणि मग नातवाची परीक्षा कशी झाली ते सांगू लागली.