शेवटची आठ पानं

देवसिंग गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला, तेव्हा मी यवतमाळात पंख्याखाली पेपर चाळत बसलो होतो. मनात पहिलं काय आलं असेल? पानं द्यायची राहिली... सांगायची लाज वाटते, पण तेच आलं.

पुसदला आठवीत आम्ही एका बाकावर होतो. शाळेच्या कपाटात एक जाडजूड जुनी कादंबरी होती. इंग्रज अमदानी, बंजाऱ्यांच्या लादलेल्या बैलांसोबत मुलूख पालथा घालणारा पोरका पोरगा आणि मागावर गोरे शिपाई! देवसिंग तांड्यातला, त्याचे पणजोबा बैलांवर मीठ लादून फिरलेले. त्याचा त्या पुस्तकावर जीवच जडला. त्यानं ते स्वतःच्या नावावर घेतलं आणि मी त्याच्याकडून मागून नेलं. शिवण उसवलेलीच होती, शेवटची आठ पानं सुटून माझ्या हातात आली. घाबरून ती ट्रंकेत दडवली आणि पुस्तक तसंच त्याला परत केलं. सरांनी त्याला वर्गासमोर उभं केलं, कपाट त्याला कायमचं बंद झालं. मी मूग गिळून बसलो. एरवी कबड्डीत मोठा शूर होतो म्हणा.

पुढे शाळेनं ते पुस्तक रद्दीत काढलं, ते देवसिंगनं उचललं. शेती सांभाळून दर रविवारी दुपारी तो ते तांड्यात गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, सांगायचा. शेवट नव्हताच, मग स्वतःच रचायचा. कधी पोरगा समुद्रापार जाई, कधी बैलांसकट घरी येई. मी मात्र नोकरीत, बदल्यांत... प्रत्येक गावी ती पानं सोबत नेली, त्याच्या हाती तेवढी दिली नाहीत. गेल्या पोळ्याला भेटलो, तेव्हा पिशवीत होती.

"काय आनलं रे?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, चिवडा.

तो गेल्यावर बारा दिवसांनी पानं घेऊन गेलो. मुलीनं पुस्तक पुढ्यात ठेवलं. त्यानं नव्यानं बांधून घेतलं होतं, शेवटी कागदाच्या आठ अरुंद पट्ट्या शिवलेल्या, पानं चिकटवायला.

"बापू म्हनत, पानं काकापाशी हायेत," ती म्हणाली. "मांगू नका, तो आनीन."

खळ लावून पानं मीच चिकटवली. रविवारी तांड्यात शेवट वाचायला मला बोलावलंय. वाचण्याआधी सांगावं लागेल, ती कोणी लपवली होती. ऐकायचं ज्यानं, त्याची खाट तेवढी रिकामी असेल.