नाऱ्याने दिलेलं कार्ड

नाऱ्या गेल्याचा मेसेज फोटोग्राफरांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी नेरळला माझ्या दुकानात पासपोर्ट फोटो कापत बसलो होतो. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो हाच की, ही याची काहीतरी नवी खेळी असणार. चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मग खालापुरात दोघातिघांना फोन लावून खात्री करून घेतली. सकाळी दुकान उघडताना छातीत कळ आली, शटर अर्धं वर आणि हा खाली... त्याला आता दीड महिना होईल.

नारायण, आमचा नाऱ्या, खालापुरात सरकारी कचेऱ्यांसमोर फोटो स्टुडिओ चालवायचा. लग्नसराईत व्हिडिओ त्याचा आणि फोटो माझे, अशी आमची वीस वर्षांची जोडी. संशयी आम्ही दोघंही. तो वस्तूंवर संशय घ्यायचा, मी माणसांवर. नवी बॅटरी आणली की तो ती पार मरेपर्यंत चालवायचा आणि किती टिकली ते तिच्यावरच पट्टी चिकटवून लिहायचा. मांडवात ट्रायपॉड न्यायचा नाही. सारवलेल्या अंगणात त्याचा एक पाय खचतो आणि वऱ्हाडातलं कुणीतरी त्याला अडखळतंच, म्हणून एकपायी मोनोपॉड. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवणाऱ्यांना तर तो वेड्यात काढायचा. आमच्या दमट हवेत बुरशी धरते हे खरं, पण तांदळाची पूड कड्यात गेली की लेन्स करकरायला लागते. त्यापेक्षा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या, म्हणायचा.

मी मिररलेस कॅमेरा घ्यायचं काढलं, तेव्हा आठवडाभर चहावर खल चालला. हलका आहे, मान धरत नाही, अंधुक उजेडात चेहरा बरोबर पकडतो, हे त्याने कबूल केलं. बॅटरी लवकर उतरते, तर जास्तीच्या दोन बाळगायच्या. अडलं एकाच गोष्टीवर. त्यात मेमरी कार्डाचा खण एकच होता. "लग्नाला दोन कार्डांचाच पायजे रं," तो म्हणाला. "एक मेलं तर दुसरं हाय. लगीन काय परत लागणार हाय?" मला वाटलं, याला पोटदुखी. माझ्या हातात नवा कॅमेरा याला बघवत नाही. हट्टाने तोच घेतला.

मग कुंभिवलीचं लग्न आलं. हळदीतच माझं कार्ड भरलं आणि दुसरं मी घरी विसरलेलो. नाऱ्याने त्याचं दिलं. मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत सगळं त्या एका कार्डावर. घरी येऊन लॅपटॉपला लावलं, तर उघडेचना. नाऱ्याने ते नेऊन आठवडाभर खटपट केली, पण एक फोटो निघाला नाही. नवरीचा बाप आमच्या दोघांसमोर डोळ्यांत पाणी आणून बसला. तेव्हा नाऱ्या म्हणाला, "कार्ड माझं हुतं, दादा. चूक माझी." मला हेच हवं होतं. याने जाणूनबुजून मेलेलं कार्ड दिलं, हे मी कर्जतपासून खोपोलीपर्यंत सांगत सुटलो. तो कधी एका शब्दाने उलटला नाही, आणि त्याचाही मला संशयच आला.

दहावं झाल्यावर नाऱ्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. भिंतीवर लावायला त्याचा धड फोटो नव्हता. माझ्याकडे असलेल्या प्रत्येक फोटोत त्याच्या तोंडापुढे कॅमेरा. मी खालापूरला गेलो, तर त्यांनी त्याची हार्ड डिस्क पुढे ठेवली. तिच्यात कुंभिवलीचं न कापलेलं चित्रण होतं. पाठवणी झालीय, मांडव रिकामा होतोय, आणि कॅमेऱ्यामागून नाऱ्याचा आवाज येतो, "अरं, माझा बी एक काढ की. घरात एक फोटो नाय." तो हसत कॅमेरा तोंडापुढून छातीशी घेतो, मी त्याच्याकडे लेन्स रोखतो, हसतो, धडाधड आठदहा फोटो काढतो. लगेच कार्डाच्या खणाचं झाकण उघडतो. हा कार्ड परत मागेल आणि माझे फोटो स्वतःच्या नावाने लावेल, ही धास्ती मला दिवसभर होती. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे फोटो अजून कार्डावर उतरतायत, अशात उपसलं तर कार्डच मरतं... आणि मी कार्ड उपसून खिशात घालतो. "अरं थांब, दिवा..." एवढंच त्याचं ऐकू येतं. नवरीकडे दिलेल्या व्हिडिओत हा तुकडा नव्हता.

मी वहिनींकडे बघायला धजलो नाही. त्याच म्हणाल्या, "मी बोलले, दाखवा नवरीकडच्यांना. तर हे बोलले, त्याची लग्नाची कामं जातील. माझं काय, माझं कचेरीसमोर दुकान हाय."

दुसऱ्या दिवशी कुंभिवलीला जाऊन नवरीच्या बापाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, चहा विचारला नाही. ज्यांच्या ज्यांच्याकडे मी नाऱ्याची बदनामी केली होती, त्यांच्याकडे आता एकेक करून जातोय. लाज वाटते, फार वाटते.

भिंतीवर शेवटी त्याच्या आधार कार्डावरचा फोटो लागला. मीच मोठा करून दिला. चेहरा फुटलाय, डोळे नीट कळत नाहीत. वहिनी म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, दुसरा हाय कुठं. दुसरा होता. चांगले आठदहा होते, हसतानाचे. मीच काढले होते.