लुटुपुटूचा पूर

टेंभुर्णीच्या पुढं भीमेच्या काठावर एक गाव आहे. धरणातून जास्तीचं पाणी सोडलं की त्या गावाच्या खालच्या आळीत नदी शिरते. अशा गावांतली माणसं पुराच्या वेळी काय करतात, एकमेकांना कशी धरून राहतात, पाणी गेल्यावर पुन्हा कशी उभी राहतात, यावर आमच्या सरांचं संशोधन चालू होतं आणि मी त्यात मदतनीस होते. मी सोलापुरात भवानी पेठेत वाढलेली. नळाला पाणी कधी येणार याची वाट बघण्यात आमचं लहानपण गेलं. पाणी जास्त झाल्याची भीती कशी असते ते मला ठाऊक नव्हतं. पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

उन्हाळा संपता संपता सरांनी गावात पुराचा सराव ठरवला. तेव्हा नदीत म्हशीचे खूर भिजतील एवढंच पाणी होतं. शाळेत सभा भरली. हाकारा कोण देणार, म्हाताऱ्यांना कोण आणणार, जनावरं माळावर कोण हाकणार, सगळ्या कामांना भराभर हात वर झाले. मग सरांनी विचारलं, "आणि जखमी कोण होणार? कुणाला तरी झोळीतून न्यायचंय."

एकही हात वर झाला नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "खोटं खोटं आजारी पडलं की खरं दुखणं मागं लागतंय, सर. आमच्यात न्हाय कुणी पडायचं."

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक बाई उठली. साठीची, उंच, हाडापेरानं मजबूत. मेंढरं राखण्यात तिचा जन्म गेलेला. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं.

"मी पडते," ती म्हणाली. "जलमभर माणसं आन् मेंढरं म्याच उचलली. मला कोण उचलतंय का, बघू की एकदा."

दोन बांबू आणि आक्काचीच घोंगडी, अशी झोळी तयार झाली. सरावाच्या दिवशी हाकारा झाला, पोरंसोरं ओरडत सुटली, बायका हसत हसत बोचकी घेऊन निघाल्या. चार गडी आक्काला उचलून चढाला लागले. मी घड्याळ घेऊन शेजारून चालत होते. आक्काला दुखापत पायाची दिली होती, पण ती दर पावलाला कण्हत होती आणि मधेच दम देत होती, "आरं हळू! आजारी हाय मी. बाजरीचं पोतं न्हाय!" खांद्याला कळ लागल्यामुळं गडी तिला खाली ठेवायला लागले, तर ती उतरायला तयार नाही. "शाळा कुटं आली आजून? तितवर न्यायचं ठरलंय." शाळेत पोचल्यावर तिनं झोपूनच चहा मागितला. सरांनासुद्धा हसून ठसका लागला. परत येताना गाडीत मी सरांना म्हणाले, "सराव कसला, जत्राच झाली." सर म्हणाले, "जत्रेला लोक पुन्हा येतात की."

पुढं पावसाळा सरत आला. दुसऱ्या फेरीच्या मुलाखतींसाठी मी गावात एकटीच गेले होते. वरच्या अंगाला पावसाची झड लागलेली, गावात मात्र नुसतं ढगाळ. खालच्या आळीतल्या एका घरी मी बसले होते. त्या घरची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. टेंभुर्णीच्या दवाखान्यात पोटावर शस्त्रक्रिया होऊन मुलगी झाली होती आणि आठवडाही झाला नव्हता. मुलाखत अर्ध्यावर असताना बाहेर जीपचा भोंगा ऐकू आला. धरणाचे दरवाजे उघडलेत, नदीकाठच्या लोकांनी वर जावं.

पोहता येत नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. बाहेर आले तर आळीत कुणी किंचाळत नव्हतं, पण हसतही नव्हतं. हाकारा देणारे हाकारा देत होते. ज्यांना म्हाताऱ्यांना आणायचं होतं ते त्यांच्या दारात उभे होते. वरच्या बाजूला मेंढरांची धूळ दिसत होती. चार गडी बांबू आणि घोंगडी घेऊन याच घराच्या दारात आले, कारण आळीत ज्याला चालवणार नाही असं माणूस एकच होतं.

आणि ते माणूस झोळीत पडायला तयार नव्हतं.

"मी चालते की," बाळंतीण म्हणाली. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि लगेच वाकली. "गावादेखत, गड्यांच्या खांद्यावरनं? लोक काय म्हणतील? मला न्हाय जमायचं."

तिची आई विनवत होती. गडी अंगणात मान खाली घालून उभे. नदीचा आवाज वाढल्यासारखा मला वाटायला लागला, खरंखोटं देव जाणे. तेवढ्यात आक्का आली. मेंढरं पुतण्याच्या हवाली करून ती प्रत्येक दारात डोकावत निघाली होती. काय झालं ते तिनं एका नजरेत ओळखलं.

"लाज वाटती व्हय?" ती म्हणाली. "अगं, मी एवढी घोडी, सगळ्या गावातनं मिरवत गेले की! लाजले का मी?" आणि ती चक्क अंगणात घोंगडीवर जाऊन आडवी झाली. "हे बघ. आसं पडायचं. हात हितं धरायचं. वरनं सगळं गाव दिसतंय. लई मजा येती."

बाळंतिणीला हसू फुटलं. हसताना टाके दुखले म्हणून तिनं पोट धरलं, पण हसली. "उठा आक्का, जागा द्या मला," ती म्हणाली.

आक्का उठली, तिला हाताला धरून निजवलं, पायाखाली उशी सारली, वरून लुगडं पांघरलं आणि ती पुढच्या दारात डोकवायला गेली. मग टाळूला टोपडं बांधलेलं ते तान्हं कुणाकडं द्यायचं हा प्रश्न आला. बाळंतिणीच्या आईच्या कमरेला धान्याचं बोचकं, एका हाताला आंधळी सासू. पहिल्या भेटीत याच बाईनं मला आडनाव विचारलं होतं आणि ऐकून आत निघून गेली होती. चहा आला, पण वेगळ्या कपात. आता तिनं क्षणभरही विचार केला नाही. पोर माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "मान सांभाळ, बाई. मान लई नाजूक हाय."

मी ओढणीनं पोर छातीशी बांधलं आणि झोळीमागून चालायला लागले. चढावर माझी भीती कुठं गेली ते मला कळलं नाही. मला फक्त ती मान दिसत होती. पोर सगळा रस्ता झोपलेलं होतं.

संध्याकाळी पाणी खालच्या आळीत शिरलं. घरांत गुडघाभर आलं, कडब्याच्या गंजी गेल्या, दोन भिंती बसल्या. माणूस किंवा जनावर मात्र गेलं नाही. शाळेच्या वर्गात बाळंतिणीला कोपरा करून दिला होता आणि व्हरांड्यात मोठ्या पातेल्यात भात शिजत होता. मेंढरं शाळेमागं ओरडत होती. मी सरांना फोन केला. ते आधी म्हणाले, "तू ठीक आहेस ना?" आणि मग विचारलं, "झोळीत कोण होतं?"

पाणी उतरल्यावर गाव गाळ काढायला लागलं. एका घरानं दुसऱ्याचा काढला, मग दुसऱ्यानं पहिल्याचा. आम्ही त्याबद्दल अहवालात लिहिलं, तक्ते केले, सरांना ते चांगले जमतात.

बारसं या गडबडीत लांबलं. शेवटी झालं तेव्हा मला निरोप आला. जावयाला बहीण नव्हती. पाळण्याशी आत्या म्हणून कुणी उभं राहायचं यावर म्हणे घरात बराच खल झाला होता. मी पोचले तर बाळंतिणीच्या आईनं मला सरळ पाळण्यापाशी नेलं. "तुमीच सांगा कानात," ती म्हणाली. "पहिल्यांदा गावातनं तुमीच फिरवलं हिला."

बायकांनी माझ्या पाठीत रीतीप्रमाणं धपाटे घातले, चांगले सणसणीत. मी वाकून पोरीच्या कानात तिचं नाव सांगितलं. तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि मोठ्यानं रडायला लागली. सगळ्या बायका हसल्या. मग घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि मी पुरणपोळीवर तूप नको म्हणत असताना आक्कानं माझ्या ताटात आणखी एक पळी ओतली.